चर्च विकणे आहे: इंग्लंडमधल्या विक्रीच्या तीन वाटांचं परीक्षण

चर्चच्या दगडी कुंपणाला इस्टेट एजंटची पाटी लागलेली दिसली की बघणारा आधी किंमत विचारतो. ती ऐकून पुष्कळदा नवल वाटतं, कारण तेवढ्या पैशांत त्याच भागात एखादं बरं घरही येत नाही. एवढी मोठी वास्तू एवढ्या स्वस्तात का, याचं उत्तर पाटीवर नसतं आणि जाहिरातीतल्या फोटोंतही नसतं. ते छताच्या पन्हळीत, आवारातल्या कबरींत आणि करारातल्या अटींत दडलेलं असतं.

इंग्लंडमध्ये जुनी चर्चेस मुख्यतः तीन वाटांनी विकली जातात. पहिली, चर्च ऑफ इंग्लंडची स्वतःची कायद्याने बांधलेली पद्धत. दुसरी, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, युनायटेड रिफॉर्म्ड अशा पंथांची साधी विक्री. तिसरी, लिलाव. प्रत्येक वाटेवर गिऱ्हाइकाला काय मिळतं, काय मिळत नाही आणि प्रत्यक्ष इमारतीत काय निघतं, ते इथे तपासलं आहे. निकाल आधीच सांगतो: सगळ्यांत संथ वाट सगळ्यांत चांगली, आणि लिलाव फक्त त्यांच्यासाठी, ज्यांनी हातोडा पडण्याआधीच इमारत छतापासून गटारापर्यंत तपासून घेतली आहे.

चर्च ऑफ इंग्लंडची वाट

चर्च ऑफ इंग्लंडकडे साधारण १६,००० चर्चेस आहेत. त्यांतली १२,००० हून जास्त लिस्टेड, म्हणजे कायद्याने संरक्षित. दरवर्षी वीसेक चर्चेस नियमित उपासनेसाठी बंद होतात. बंद झाल्यावर पुढे काय करायचं याची रीत १९६८ च्या कायद्याने घालून दिली आणि आज ती २०११ च्या ‘मिशन अँड पास्टोरल मेझर’नुसार चालते. इमारत धर्मप्रांताच्या, म्हणजे डायोसिसच्या वित्तमंडळाकडे जाते. हे मंडळ तिची राखण करतं, विमा भरतं आणि तिला शोभेल असा नवा उपयोग शोधतं. त्यासाठी साधारण दोन वर्षांपर्यंतचा काळ धरलेला असतो. शेवटचा शब्द चर्च कमिशनर्सचा, म्हणजे चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या मध्यवर्ती मंडळाचा.

त्यामुळे इथे नुसता आकडा सांगून भागत नाही. त्या जागेत काय करणार, आत कुठे काय बदलणार, पैसा कसा उभा करणार, हे प्रस्तावात मांडावं लागतं. प्रस्ताव पसंत पडला की योजनेचा मसुदा जाहीर होतो आणि २८ दिवस कोणालाही लेखी हरकत घेता येते. हरकती फेटाळल्या गेल्या तरी प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायिक मंडळाकडे अपिलाची परवानगी मागण्याची सोय आहे. मग करार, आणि तोही बहुधा नियोजन परवानगी मिळाली तरच लागू होईल असा. बोली मान्य झाल्यापासून किल्ली हाती येईपर्यंत वर्ष सहज जातं.

हा संथपणा लोकांना जाचतो. आमच्या मते तोच या वाटेचा मोठा गुण. वटवाघळांची पाहणी, छताची तपासणी, परवानग्या, कर्जाची सोय, हे सगळं मोठी रक्कम अडकण्याआधी उरकता येतं. परवानगी नाकारली गेली तर सशर्त करारातून बाहेर पडता येतं. गावकऱ्यांचा विरोध असेल तर तो खरेदीनंतर अंगावर न येता आधीच कागदावर येतो. घाईने घेतलेल्या चर्चचे जे हाल होतात, त्यांतले निम्मे या मुदतीतच टळतात.

दुसरा फायदा पंचवार्षिक अहवालाचा. १९५५ च्या चर्च तपासणी कायद्याने सुरू झालेल्या पद्धतीनुसार चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी जाणकार वास्तुविशारद किंवा सर्व्हेअरकडून तपासणी होते. जाहिरातीच्या पत्रकात हा अहवाल जोडलेला नसला तरी मागून घ्यावा, आणि शेवटचा एकच नको, मागचे तीन हवेत. ते शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘उत्तरेकडच्या दालनाची पन्हळ गळते, तातडीने दुरुस्ती’ हे वाक्य २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये तसंच्या तसं आलं असेल, तर तिथलं लाकूड निदान दहा वर्षं भिजतं आहे हे शिडी न लावता कळतं. शेवटच्या अहवालाची तारीखही पाहा. चर्च बंद झाल्यावर पन्हळी साफ करणारे हात जातात आणि पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत इमारत जितकी खचते तितकी आधीच्या वीस वर्षांत खचलेली नसते.

आता उणिवा. पहिली मालकीच्या कागदांची. शतकानुशतकं हात न बदललेल्या या जमिनी पुष्कळदा लँड रजिस्ट्रीत नोंदलेल्याच नसतात आणि हद्दीचा नकाशा नव्याने बनवावा लागतो. आवार चर्चकडेच राहणार असेल तर दारापर्यंत जाण्याचा वहिवाटीचा हक्क, गाडी नेण्याचा हक्क आणि नळ-गटार-वीज जमिनीखालून नेण्याचा हक्क, हे तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या. ‘चालत जाण्याचा हक्क’ एवढंच लिहिलेलं असेल तर सिमेंटची गाडी दारापर्यंत येणार नाही, आणि हे काम सुरू होण्याच्या दिवशी कळून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट अटींची. विक्रीबरोबर इमारत ठरलेल्याच कामासाठी वापरायचं बंधन येतं. बदल करायला वेगळी संमती लागते, आणि पुढे किंमत वाढली तर वाढीतला वाटा विकणाऱ्याला द्यायची अटही असू शकते. वेदी, बाप्तिस्म्याचं कुंड, घंटा, बाकं, स्मृतिफलकं विक्रीत धरलेली आहेत की नाहीत, याची वस्तुवार यादी करारासोबत हवी. फोटोत दिसलेलं सगळं मिळतं असं समजू नका.

इतर पंथांची चॅपेल्स

इथे विक्री नेहमीच्या एजंटमार्फत होते. विश्वस्तांना धर्मादाय कायद्यानुसार पात्र सल्लागाराचा अहवाल घेऊन शक्य तेवढी चांगली किंमत मिळवावी लागते, म्हणून पैशाचा आकडा इथे जास्त बोलतो आणि उपयोगाबद्दल चौकशी कमी होते. व्यवहार काही महिन्यांत उरकतो.

इमारतही वेगळी. एकोणिसाव्या शतकातलं विटांचं, आयताकृती चॅपेल, वर साधं दोन पाख्यांचं स्लेटचं छत, आत बिडाच्या खांबांवर तोललेली गॅलरी, मागे रविवारच्या शाळेची खोली. मनोरा नाही, शिशाचं छत नाही, शहरातल्या पुष्कळ चॅपेल्सना दफनभूमीही नाही. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याने असंच चॅपेल घ्यावं, हा आमचा ठाम सल्ला. मागच्या खोलीत नळ, गटार आणि शौचालय बहुधा आधीच असतं, आणि एवढ्याने खर्चाचा मोठा भाग वाचतो. गॅलरीला धक्का लावताना मात्र जपून. तिच्या तुळया पुष्कळदा बाहेरच्या उंच भिंतींना आधार देत असतात. ती काढली तर भिंत बाहेर झुकायला मोकळी होते. मेथडिस्ट चर्चमध्येही पाच वर्षांच्या तपासणीची पद्धत आहे, तो अहवाल मागा.

स्कॉटलंडमध्ये कायदाच निराळा. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या बहुतेक मालमत्ता ‘जनरल ट्रस्टीज’च्या नावे असतात आणि विक्रीची यादी चर्चच्या संकेतस्थळावर मिळते. बोली ‘अमुक रकमेच्या वर’ अशी मागवतात, अंतिम दिवस ठरवून बंद लिफाफ्यातल्या बोली घेतात. संरक्षणाच्या श्रेणी तिथे, वरून खाली, ए, बी, सी. इंग्लंडमध्ये ग्रेड वन, ग्रेड टू-स्टार, ग्रेड टू.

लिलाव

हातोडा पडला की करार झाला. जागेवर १० टक्के रक्कम भरायची आणि उरलेली साधारण २८ दिवसांत. परवानगी मिळाली नाही, कर्ज मिळालं नाही, छत कुजलेलं निघालं, यांपैकी कशानेही सुटका होत नाही. कर्जाचा प्रश्न तर हमखास येतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नसलेल्या इमारतीवर साधं गृहकर्ज देत नाहीत, त्यामुळे रोख किंवा चढ्या व्याजाचं अल्पमुदतीचं कर्ज, एवढेच पर्याय उरतात.

लिलावाआधी मिळणारा कागदपत्रांचा संच वकिलाला वाचायला द्या आणि त्यातल्या ‘विशेष अटी’ स्वतः दोनदा वाचा. विकणाऱ्याचा वकिली खर्च गिऱ्हाइकाने द्यायचा, कबरींपर्यंत लोकांना जाऊ द्यायचं, ठरलेल्या मुदतीत कुंपण घालायचं, असल्या अटी तिथेच असतात. काही ऑनलाइन लिलावांत हातोड्याऐवजी ‘राखीव शुल्क’ असतं. ते किमतीत धरलं जातं की वरून द्यायचं, हे बोलीआधी लेखी विचारा. लिलावातलं चर्च आधी खुल्या बाजारात होतं का आणि तिथे का विकलं गेलं नाही, हेही शोधा. नियोजन खात्याच्या संकेतस्थळावर त्या पत्त्याचे जुने, नाकारलेले अर्ज सापडतात, आणि नकाराची कारणं वाचून अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं.

प्रत्यक्ष इमारत: पाण्याचा माग काढा

ऊन पडलेल्या दिवशी चर्च बघायला जाऊ नका. पाऊस सुरू असताना जा आणि दुर्बीण, टॉर्च, छोटा आरसा व लाकडातली ओल मोजायचं यंत्र बरोबर ठेवा. आधी आत शिरण्याऐवजी बाहेरून पूर्ण फेरी मारा आणि छतावर पडलेलं पाणी जमिनीत कुठे जातं ते डोळ्यांनी बघा.

बिडाच्या उभ्या पाइपांपासून सुरुवात करा. ते भिंतीला खेटून बसवलेले असतात. रंगाऱ्याचा ब्रश पुढच्या बाजूला पोचतो, पाठीला पोचत नाही. त्यामुळे समोरून काळाभोर, चकचकीत दिसणारा पाइप मागून गंजून उभा चिरलेला असतो आणि पावसाचं पाणी भिंतीत मुरतं. हाताचा पंजा मागे सरकवून चाचपा, पंजा जात नसेल तर आरसा धरा. मागच्या दगडावर हिरवं शेवाळ, दरजांतला चुना धुऊन गेलेला, आणि आतल्या बाजूला त्याच जागी गिलाव्याला लोणा व पोपडे. ही तीन चिन्हं जुळली की निदान पक्कं. पाइप बदलताना तो भिंतीपासून बोटभर अंतर सोडून बसवला तर ही तक्रार पुन्हा येत नाही.

मग लपलेल्या पन्हळी. मुख्य दालन आणि बाजूचं दालन यांच्यामधली दरीसारखी पन्हळ, आणि कठड्यामागची पन्हळ, या दोन जागा खालून दिसत नाहीत आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. कबुतराचं एक घरटं किंवा पानांचा एक थर निकासाच्या तोंडाशी बसला की पाणी शिशाच्या कडेवरून आत उतरतं, थेट कैचीच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याच्या टोकावर. ओकच्या कैचीचं टोक भिंतीत जिथे शिरतं, ती जागा म्हणूनच सर्वांत आधी तपासायची. ओल २० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी आणि भुंगा दोघांनाही आमंत्रण आहे. साधारण ३ मिलिमीटरची भोकं असतील तर डेथवॉच बीटल, १ ते २ मिलिमीटरची असतील तर साधा फर्निचर बीटल. भोकं जुनीही असू शकतात. खाली ताजा, फिकट भुसा पडतो का, हे वसंत ऋतूत काळा कागद पसरून पाहतात. औषध फवारणाऱ्या कंपन्या सगळ्या छताचं अंदाजपत्रक देतात, पण फवारा जाड ओकच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. गळती थांबवून लाकूड वाळवणं हाच खरा उपाय, आणि कुजलेलं टोक तेवढं कापून नवं ओक जोडणं.

छतावर शिसं असेल तर त्याची जाडी विचारा. कोड ७ म्हणजे ३.१५ मिलिमीटर, कोड ८ म्हणजे ३.५५. कोड ४, म्हणजे १.८ मिलिमीटरचा पत्रा, कडेच्या पट्ट्यांसाठी ठीक. सबंध छतावर तो अंथरलेला दिसला तर कोणी तरी काटकसर केली आहे. पत्र्याचे तुकडे प्रमाणाबाहेर मोठे ठेवले तर ते उन्हाने फुगून-आक्रसून चिरतात, जाडी कितीही असो. चोरी हा दुसरा धोका. रिकाम्या चर्चचं शिसं रातोरात जातं आणि विमा कंपन्या छतावर अलार्म असल्याशिवाय पूर्ण भरपाई द्यायला तयार नसतात. चोरीनंतर शिशाऐवजी गंजरोधक स्टीलचा पत्रा बसवायचा असेल तर लिस्टेड इमारतीला तीही परवानगी लागते.

व्हिक्टोरियन चर्चच्या स्लेटच्या छतात स्लेट चांगली असते आणि खिळे संपलेले असतात. एखाद-दुसरी स्लेट घसरलेली असेल तर दुरुस्ती. सगळ्या पाख्यावर विखुरलेल्या वीस-पंचवीस घसरलेल्या दिसल्या तर खिळेच गंजले आहेत आणि छत उतरवून पुन्हा घालावं लागणार. जुनी स्लेट पुष्कळ प्रमाणात परत वापरता येते, म्हणून ती फेकू देऊ नका.

भिंती जाड असतात आणि त्या आतून पोकळ नसल्या तरी भरीवही नसतात: दोन बाजूंना घडीव दगड, मध्ये चुन्यात कालवलेली खडी. अशी भिंत पाणी शोषते आणि दरजांतून परत सोडते. विसाव्या शतकात हजारो चर्चेसच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून पडते, थंडीत गोठते आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी गळतो. दरजा जशीच्या तशी पुढे आलेली आणि दगड मागे झिजलेला दिसला की समजावं, हे सिमेंटचं काम. ते काढताना ग्राइंडर चालवू देऊ नका, दगडाच्या कडा जातात. हातोडी-छिन्नीने दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत खरवडायचं आणि चुन्याने भरायचं: एनएचएल ३.५ (पाण्यानेही घट्ट होणारा नैसर्गिक चुना, आकडा त्याच्या ताकदीचा) एक भाग, धारदार खडबडीत वाळू अडीच ते तीन भाग. मऊ दगडाला एनएचएल २ बरा. तापमान ५ अंशांखाली असेल तर हे काम करायचंच नाही, आणि भरल्यानंतर ओलं गोणपाट लावून काही दिवस ते झाकून ठेवायचं. चुना घाईने वाळला की भुगा होतो.

रंगीत काचांपाशी थांबा. खिडकीला आतून आडव्या सळ्या असतात आणि काचेचा प्रत्येक पट्टा तांब्याच्या बारीक तारांनी त्या सळ्यांना बांधलेला असतो. टॉर्च तिरका धरून बघा: कुठे तारा तुटल्या आहेत, कुठे काच सळीपासून सुटून बाहेर फुगली आहे. बोटाने दाबू नका. शिशाच्या पट्ट्या थकल्या की पूर्ण पट्टा उतरवून कार्यशाळेत नव्याने बांधावा लागतो, आणि एका मोठ्या खिडकीचा खर्च ऐकून खरेदीदार बसतोच. सळ्या लोखंडी असतील तर टोकं तपासा. गंजताना लोखंड अनेक पट फुगतं आणि खिडकीचा दगडी काठ फोडतं. मनोऱ्याच्या शिखरातल्या लोखंडी पट्ट्यांचंही हेच होतं, तिथे दगड खाली कोसळण्याचा धोका म्हणून ते काम पुढे ढकलता येत नाही. बाहेरून लावलेलं पिवळट प्लास्टिकचं आवरण दिसलं तर खाली-वर हवेला जागा आहे का बघा. नसेल तर आतल्या बाजूला दव साचून काचेची हानी चालू आहे.

भेगांचं भय सगळ्यांना वाटतं, पण जुन्या चर्चला भेगा असतातच. भेगेत धूळ आणि कोळ्याचं जाळं असेल तर ती बहुधा जुनी, कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी. चिकणमातीच्या जमिनीवर भेग उन्हाळ्यात उघडते आणि हिवाळ्यात मिटते, म्हणून मापपट्टी लावून निदान वर्षभर नोंद ठेवल्याशिवाय कोणी ‘पाया खचला’ म्हणून काँक्रीट ओतायला सांगत असेल तर ऐकू नका. पाया खरोखर हलला तर काय होतं याचं उदाहरण लंडनच्या ओल्ड स्ट्रीटवरचं सेंट ल्यूक्स: भूमी खचल्यामुळे ते १९५९ मध्ये बंद झालं, छत उतरवलं गेलं आणि चाळीसेक वर्षं ते नुसत्या भिंतींनिशी उभं होतं. २००३ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने तिथे आपलं संगीतकेंद्र उघडलं.

तपासणीसाठी वास्तुसंवर्धनाची मान्यता असलेलाच सर्व्हेअर किंवा एएबीसी या संवर्धन-वास्तुविशारदांच्या नोंदणीतला वास्तुविशारद घ्या. नव्या घरांची तपासणी करणारा सर्व्हेअर इथे पाण्याच्या प्रत्येक डागाला ‘वर चढणारी ओल’ म्हणतो आणि भिंतीत रसायन भरायला सांगतो.

जमिनीखालचं

आवारात, कधी खुद्द फरशीखालीही, दफन असतं. बंद पडलेल्या दफनभूमीवर बांधकाम करायला १८८४ पासून कायद्याने मनाई आहे आणि सूट हवी असेल तर अवशेष सन्मानाने हलवण्याची रीतसर प्रक्रिया करावी लागते, किंवा ते धक्का न लावता राहतील अशी हमी देऊन तसा आदेश मिळवावा लागतो. गेल्या ५० वर्षांत दफन झालेलं असेल तर नातेवाइकांच्या हरकतीला वजन आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की नवं गटार कुठून जाणार हे सर्वांत आधी ठरवा. पुष्कळ ग्रामीण चर्चेसना शौचालय, नळ, गटार यांतलं काहीच नसतं. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात सोडायला इंग्लंडमध्ये २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे पाणी जमिनीत जिरवणाऱ्या नळ्या घालायला किंवा शुद्धीकरण यंत्र बसवायला जागा लागते, आणि ती जागा कबरींनी व्यापलेली असते. ही एक गोष्ट सुटत नसेल तर ते चर्च सोडून द्या. बाकी सगळं दुरुस्त होतं, हे होत नाही.

खोदकामावर पुरातत्त्व जाणकाराची देखरेख बहुधा सक्तीची असते. फरशीखाली उष्णतेच्या नळ्या घालायच्या असतील तर वरच्या कोरीव शिळा क्रमांक घालून, रेखाटन करून उचलाव्या लागतात. सिमेंट काँक्रीटऐवजी चुन्याचं काँक्रीट आणि खाली फुगवलेल्या काचेची खडी वापरा. नाही तर जमिनीतली ओल बाजूला सरकून भिंतींत चढते.

वटवाघळं आणि परवानग्या

ब्रिटनमधल्या सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची वस्तीची जागा ती तिथे नसतानाही संरक्षित असते. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची पाहणी साधारण मे ते ऑगस्ट-सप्टेंबर एवढ्याच काळात करतात. बोली ऑक्टोबरमध्ये मान्य झाली तर पाहणीसाठी पुढचा मे उजाडावा लागतो, पाहणीशिवाय अर्ज पूर्ण होत नाही, आणि वस्ती सापडली तर वर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेचा परवाना. लिलावाचे २८ दिवस या गणितात कुठे बसतात ते तुम्हीच पाहा.

चर्चमधून घर करायचं तर वापरबदलाची परवानगी लागते, कारण उपासनेची जागा २०२० पासून नियोजन नियमांतल्या एफ-१ या वेगळ्या वापरवर्गात मोडते. लिस्टेड असेल तर वेगळी संमती, आतल्या बदलांसाठीसुद्धा. चर्चकडे असताना काही प्रमुख पंथांना या संमतीतून सूट होती, ती इमारतीचा उपासनेसाठीचा वापर थांबला की संपते. संमतीशिवाय बाकं उखडली किंवा काच बदलली तर तो फौजदारी गुन्हा आहे. अर्ज करण्याआधी नगरपालिकेच्या संवर्धन अधिकाऱ्याला शुल्क भरून भेटा आणि ‘मुख्य दालन किती मोकळं ठेवावं लागेल’ हा एकच प्रश्न नीट विचारा. बाकीच्या आराखड्याचं भवितव्य त्या उत्तरावर ठरतं.

करांचा हिशोब

रिकामं चर्च ही बिगरनिवासी मालमत्ता धरली जाते. इंग्लंडमध्ये मुद्रांक कर १,५०,००० पौंडांपर्यंत शून्य, पुढच्या एक लाखावर २ टक्के, त्यावर ५ टक्के. म्हणजे २,००,००० पौंडांच्या चर्चवर १,००० पौंड आणि ४,००,००० च्या चर्चवर ९,५०० पौंड. दुसऱ्या घरावरचा जादा कर इथे लागत नाही.

व्हॅटमध्ये लोक हमखास चुकतात. बिगरनिवासी इमारतीचं घर करताना ठेकेदाराच्या कामाला ५ टक्के दर लागतो, वास्तुविशारदाच्या शुल्काला २० टक्के. स्वतः राहण्यासाठी घर करणाऱ्याला भरलेला पात्र व्हॅट परत मागता येतो. मुदत काम पूर्ण झाल्यापासून सहा महिने. पण ठेकेदाराने ५ ऐवजी २० टक्के लावले असतील तर जादा रक्कम एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं कर खातं, देत नाही, ती ठेकेदाराकडूनच काढावी लागते. म्हणून पहिल्या बिलाआधी दर लेखी ठरवा. लिस्टेड इमारतीतल्या मंजूर बदलांवरची जुनी शून्य दराची सवलत २०१२ मध्येच बंद झाली. अजूनही काही ठेकेदार तिचा दाखला देतात.

कोणता उपयोग चांगला जमतो

मोठी मोकळी जागा मोठी ठेवणारा. मँचेस्टरच्या सेंट बेनेडिक्ट चर्चमध्ये गिर्यारोहणाच्या भिंती उभ्या आहेत, ब्रिस्टलच्या सेंट पॉल्समध्ये सर्कशीची शाळा चालते. दोन्हीकडे उंचीचा पुरेपूर उपयोग झाला आणि वास्तू ओळखू येते. परदेशातलं सर्वांत शिकण्याजोगं काम मास्ट्रिख्टच्या तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमधलं पुस्तकांचं दुकान. तिथे पोलादी मजले एका बाजूला स्वतःच्या पायांवर उभे केले आहेत आणि उद्या काढले तर चर्च जसंच्या तसं मिळेल. घर करतानाही हेच तत्त्व धरा: खोल्यांचा सांगाडा भिंतींपासून सुटा, मजल्याची कड खिडकीपासून मागे, आणि एक दालन तरी फरशीपासून कैचीपर्यंत सलग. उंच खिडकीच्या मध्यातून मजला घातलेली फ्लॅट्सची रचना आम्ही कोणालाही सुचवणार नाही. खालच्या घराला खिडकीचा तळ, वरच्याला टोक, बाहेर बघायला दोघांनाही काही नाही, आणि आवाज सगळ्यांना सगळ्यांचा.

ज्यांच्याकडे खरेदीच्या रकमेहून दुप्पट-तिप्पट पैसा दुरुस्तीसाठी बाजूला नाही, त्यांनी ग्रेड वन मध्ययुगीन चर्चच्या वाटेला जाऊ नये, मग किंमत कितीही मोहात पाडो. अशा वास्तूंसाठी १९६९ पासून चालत आलेला चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट आणि १९५७ पासूनची ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही संस्था आहे. ट्रस्टकडे आज ३५० हून अधिक चर्चेस आहेत आणि त्यांतल्या काहींत रात्री मुक्कामही करता येतो. दगडी भिंतींच्या सान्निध्यात एक रात्र काढून थंडी, ओल आणि आवाज कसा असतो याचा अंदाज घ्यायला ही स्वस्त तालीम आहे.

खरेदी झालीच तर वास्तुविशारदाच्या पहिल्या बैठकीआधी चार कामं उरका. सगळ्या पन्हळी आणि निकास साफ करून घ्या, आणि पुढे पानगळीनंतर व वसंतात, वर्षातून दोनदा करा. विमा कंपनीला इमारत रिकामी असल्याचं लेखी कळवा आणि पाहणीच्या फेऱ्यांची नोंदवही ठेवा, नाही तर दावा नाकारला जातो. बॉयलरच्या खोलीतल्या नळ्यांवरचं आवरण अॅस्बेस्टॉसचं आहे का ते तपासून घ्या. आणि हिवाळ्यात इमारत सुकवायला म्हणून एकदम मोठे हीटर लावू नका. भिंतीतलं मीठ वर येऊन गिलावा सुटतो आणि जुनं लाकूड तडकतं; दारं-झडपा उघडी ठेवून हवा खेळती ठेवा आणि ऊब हळूहळू वाढवत न्या.